बोयाला नैवेद्य

ओमानमधल्या सलालाला आल्यापासून मी बांगड्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. खाते रोज. कँटीनमध्ये बोट दाखवते, वाढपी हसतो आणि ताटात दोन टाकतो. माझ्या आधी या जागेवर जे गृहस्थ होते ते पुतण्याच्या लग्नात जेवता जेवता सहज म्हणून गेले, की यंदा सुरमई बरी आहे. दुसऱ्या दिवशी दोन देशांनी ते वाक्य आपापल्या अर्जाला जोडलं. खुद्द समुद्राचं म्हणणं आहे की सुरमई बक्कळ आहे, तेव्हा आमच्या ट्रॉलरांवरची बंधनं उठवा. गृहस्थांना घरी पाठवलं आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात चकती आली. रुपयाएवढी आहे. फक्त माझा आवाज ओळखते, मी बोलते ते सगळं साठवते, आणि मुदत संपेपर्यंत अंघोळीलासुद्धा निघत नाही.

मी अरबी समुद्राचं मुख आहे. हे पदाचं नाव आहे. अंगात वगैरे काही येत नाही माझ्या.

आपल्या माणसाला ही भानगड समजायला वेळ लागू नये. देवाच्या नावावर जमीन असते, देव कोर्टात दावा लावतो, त्याच्या वतीने सही करायला एक माणूस नेमलेला असतो, हे आपण कधीपासून बघत आलोय. पुढे नद्यांना तसाच हक्क मिळाला, मग काही डोंगरांना, आणि शेवटी किनाऱ्यावरच्या देशांनी बरीच वर्षं भांडून अरबी समुद्राला. नुसता हक्क नाही, आंतरराष्ट्रीय कराराच्या सभेत खुर्ची आणि एक मत. खुर्ची दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिच्यावर बसून बोलणार कोण, हे ठरवायचं राहिलंच आहे.

बोलते ती वाचा. वाचा हे यंत्र आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने आणि खोल पाण्यात मिळून हजारो बोये, म्हणजे नांगरून ठेवलेले तरंगते खांब, सोडलेत. प्रत्येक बोया पाण्यातला प्राणवायू मोजतो, पाण्याखालचे आवाज ऐकतो आणि खवले, लाळ, विष्ठा यांचे जे बारीक अंश पाण्यात तरंगत असतात त्यावरून तिथून कोणकोणते जीव गेले ते ओळखतो. ही सगळी माहिती वाचाकडे जाते. पण माहितीवरून समुद्राला काय हवंय ते कसं कळणार, असं मी पहिल्याच आठवड्यात बुशराला विचारलं होतं. तेव्हा चकती नवीन होती आणि विचारायला अजून परवानगी होती.

डॉ. बुशरा म्हणजे वाचाची देखभाल करणाऱ्या शास्त्रज्ञांची प्रमुख. तिच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे तिचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार.

"तू आजारी पडतेस आणि बरी होतेस," ती म्हणाली. "तरुणपणी चार दिवसांत, म्हातारपणी चार महिन्यांत. बरं व्हायला लागणारा वेळ लांबत गेला की डॉक्टर समजतो, पुढचं दुखणं झेपणार नाही. पाण्याचंही तसंच आहे. वादळ येतं, तेल सांडतं, एखादी जात कमी होते. पाणी पुन्हा आपल्या जागी येतं. किती वेळात येतं, ते वाचा मोजते. सभेपुढे ठराव आला की ती एवढंच बघते, की यामुळे समुद्राचा सावरण्याचा वेळ कमी होईल की वाढेल. कमी होणार असेल तर होय, वाढणार असेल तर नाही."

"म्हणजे समुद्राला स्वतःला काही वाटतं?"

"ते मला माहीत नाही. सावरायची धडपड करतो एवढं दिसतं. तुझ्या-माझ्याबद्दल तरी याहून जास्त काय दिसतं?"

यंत्राने मत दिलेलं मात्र देशांना खपेना. म्हणून तोडगा निघाला. वाचाचं उत्तर किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाने उभं राहून, आपल्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तेव्हाच ते मत. त्याने त्यात एक अक्षर घालायचं नाही, एक गाळायचं नाही. आणि मुदत असेपर्यंत समुद्राबद्दल स्वतःचं म्हणून काही बोलायचं नाही, कारण तो जे बोलेल ते समुद्राचं धरलं जाईल. मी वीस वर्षं मालवणच्या रेडिओवर भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याचे इशारे वाचत होते. आपलं काही न घालता वाचणं एवढाच माझा हुन्नर. निवड समितीला तेच हवं होतं.

निवड झाली तेव्हा आमच्या वाडीने मला ढोल लावून मिरवलं. माझे वडील, आबा, वाडीचं गाऱ्हाणं घालतात. देवळात असो की हंगामाच्या पहिल्या दिवशी किनाऱ्यावर असो, सगळ्यांच्या वतीने हात जोडून देवाशी बोलायचं काम मालंडकरांच्या घरात आहे. बाकीच्यांनी मागून 'होय म्हाराजा' म्हणायचं. त्या दिवशी आबा खुशीत होते.

"इतकी वर्सां आमी दर्याक गाऱ्हाणा घातला," ते सगळ्यांना सांगत होते. "आता तो आमका सांगतलो. माझ्या चेडवाच्या तोंडान सांगतलो."

मी लाजून हसत होते. ते वाक्य पुढे मला किती जड जाणार आहे याची तेव्हा काहीच कल्पना नव्हती.

घरचा फोन शुक्रवारी दुपारी येतो. चकतीला माझंच बोलणं लागतं, त्यांचं नाही. त्यामुळे ते बोलतात आणि मी हुंकार देते. करुणावयनीला, माझ्या भावाच्या बायकोला, या प्रकाराची भारी मजा वाटते. चाळीस वर्षांची नणंद तोंड मिटून ऐकतेय, असं सुख कुठल्या भावजयीला मिळतं?

"काय गो, जेवलंस?"

"जेवलंय."

"काय होता? नको, नको, सांगू नको. माका कळला." ती हसून लोटपोट झाली. "बरा आयक. तुका आमचो नवो देव दाखवतंय."

तिने फोन फिरवला. आमच्या किनाऱ्याच्या टोकाला काळ्या खडकांची एक कमानीसारखी रांग आहे. तिच्या आत पाणी संथ असतं, लाटा फारशा शिरत नाहीत. तिथे वाचाचा एक बोया बांधलेला आहे, नारिंगी रंगाचा, माणसाएवढा उंच. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. कपाळ म्हणता येईल अशा जागी हळदकुंकू होतं. बोयाला एवढ्या थाटात मी कधी पाहिलं नव्हतं.

"मासळी कमी झाली मां," वयनी सांगत होती. "मगे आबांनी ठरवल्यानी. दर्यो ह्येच्यातसून आयकता म्हणतत, तर देवळात गाऱ्हाणा घालून काय उपयोग? हयच घालूक व्हया. गेल्या शिमग्यापासून रोज येक घर नैवेद्य घेऊन येता. भात, नारळ, गूळ, दूद. नुसतो सोडलो तर व्हावान जाता, म्हणान खालती जाळ्याची पिशवी बांदलेली असा, तेच्यात घालतंव. पलीकडच्या वाड्यांनी पण आता आपापल्या बोयाक चालू केल्यानी. आमचा बगून."

मी हं म्हटलं. खरं सांगते, मला गहिवरून आलं. इतक्या लांब बसून मी ज्या यंत्राचं तोंड झाले होते, त्या यंत्राच्या कानाशी माझी माणसं रोज ताट घेऊन उभी राहत होती. करुणावयनीने मागाहून त्याचा फोटोही पाठवला आणि मी तो ठेवून दिला.

सप्टेंबरात सभा भरली. इकडे पावसाळ्याला खरीफ म्हणतात. धुकं उतरतं, डोंगर हिरवे होतात आणि रस्त्याच्या कडेला शहाळ्यांची दुकानं लागतात. खिडकीतून बघितलं तर देवगडच्या वाटेवर आहोत असं वाटतं. त्यामुळे जास्तच कोंडल्यासारखं होतं. बाहेर जायचं तर बरोबर दोन माणसं, बोलायचं तर तोललेलं, आणि समोर माझ्याच गावासारखं गाव.

ठराव मोठा होता. खोल समुद्रतळावरचा गाळ उपसून धातू काढायची परवानगी काही देशांना हवी होती. त्यांना आम्ही आपसात खाणवाले म्हणायचो. ठराव त्यांच्या विरुद्ध होता. समुद्रतळाला कायमचं अभय द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात किनाऱ्यावरच्या देशांनीही झीज सोसायची. जिथलं पाणी मरायला टेकलंय ते किनाऱ्यालगतचे पट्टे वाचा नावानिशी सांगेल आणि तिथे सगळ्या प्रकारची मासेमारी बंद होईल. यांत्रिक बोटी, लहान होड्या, रापणीची जाळी, सगळंच. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. पाणी सावरलं असेल तर पट्टा उघडायचा, आणखी बिघडलं असेल तर कायमचा बंद.

देश निम्मे-निम्मे झाले होते. निकाल समुद्राच्या मतावर होता.

मुखाला उत्तर आधी देतात, उच्चार नीट व्हावेत म्हणून. बुशराने तिच्या खोलीत बोलावून ते माझ्यासमोर ठेवलं. उत्तर होय होतं. समुद्र आपला तळ वाचवायला होय म्हणत होता, आणि बंद करायच्या पट्ट्यांत आमचा किनारा होता. आमचा आणि लागून असलेल्या चार वाड्यांचा.

मी वाचून पुन्हा वाचलं. मग बुशराकडे पाहिलं. तिने माझं गाव ओळखलं होतं, म्हणून न विचारता पडद्यावर आलेख लावला. सबंध कोकणपट्टी थोडी थोडी खालावत होती, ते मला माहीतच होतं. पण या पाच जागांची रेघ यंदाच्या मार्चपर्यंत इतरांबरोबर चालत होती आणि तिथून आधी आमची, मग मागोमाग बाकीच्या चारांची एकदम कोसळली होती. प्राणवायू घटत होता आणि सावरण्याचा वेळ महिन्यागणिक लांबत होता.

"काहीतरी कुजतंय तिथे," बुशरा म्हणाली. "कारखाना नाही, गटार नाही. आम्हाला कळत नाहीये काय ते."

मार्चमध्ये शिमगा होता.

गळ्यात चकती होती. 'बोयाला भात बांधलाय' एवढं बोलले असते तर ती समुद्राची साक्ष झाली असती, आणि ती खाणवाल्यांच्या वकिलांपर्यंत त्याच दिवशी पोचली असती. मी पर्समधून फोन काढला, वयनीने पाठवलेला फोटो उघडला आणि बुशरासमोर धरला.

तिने बोट ठेवून तो मोठा केला. पाण्याखाली अंधूक दिसणारी जाळीची पिशवी बघितली.

"अन्न आहे?"

मी मान हलवली.

"रोज?"

पुन्हा मान हलवली.

बुशरा खुर्चीत मागे टेकली. "अन्न कुजायला लागलं की जंतू वाढतात," ती हळूहळू म्हणाली. तिची बोलण्याची पद्धतच तशी, आधी शास्त्र. "ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मोकळ्या पाण्यात एवढ्याशा भाताने काही होत नाही. पण हे पाणी कोंडलेलं आहे आणि पिशवी बरोबर मोजणीच्या नळीखाली आहे. वाचा खोटं बोलत नाहीये. त्या बोयाभोवतीचं पाणी खरोखर मरतंय. चार हात पाणी, बस. त्याच्यावरून ती सगळ्या पट्ट्याचा अंदाज बांधतेय. एकच बोया असता तर तिने तो बिघडलेला समजून सोडून दिला असता. पाचही सारखेच, म्हणून तिला खरं वाटलं."

मी पडद्याकडे बोट केलं आणि काहीतरी उपटून टाकल्याची खूण केली.

"नाही करता येत. बोये सीलबंद आहेत. तपासणीशिवाय आमच्यापैकी कोणी बोयाजवळ गेलं किंवा आकडा वगळला तर त्याची नोंद दोन्ही बाजूंकडे जाते." तिने फोन माझ्याकडे सरकवला. "आणि हे उघड करायचं म्हटलंस तर काय होईल ते ऐक. खाणवाल्यांचा अर्ज तयार आहे. त्यांचं म्हणणं, समुद्राचा आवाज कोणालाही हवा तसा फिरवता येतो, म्हणून ही खुर्चीच काढा. त्यांच्याकडे पुरावा तेवढा नाही. हा फोटो म्हणजे तो पुरावा. ठराव पडेल, खुर्ची जाईल, आणि पुढच्या हंगामात त्यांची यंत्रं तळाशी उतरतील. त्या तळाला एकदा उकरलं की सावरायला किती काळ लागतो माहिती आहे? वाचाला आकडा काढता आला नाही."

खिडकीबाहेर धुकं होतं. मला आठवतं, मी त्या धुक्यावर चिडले होते, काही कारण नसताना.

"तू राजीनामा दिलास तर राखीव मुख आहे," बुशरा म्हणाली. "तो हाच कागद वाचेल. भात थांबला तर तीन वर्षांत ते पाणी आपोआप सुधारेल. नाही थांबला तर पुढच्या वेळी वाचा तो पट्टा मेलेलाच समजेल. दीप्ती, मी काही पाहिलेलं नाही. ठरव तू."

मला तिचा इतका राग आला की काही बोलता येत असतं तरी मी बोलले नसते. शास्त्र तिचं, यंत्र तिचं, आणि ठरवायचं मी.

मतदानाच्या सकाळी आबांचा फोन आला. ते कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

"गो बाय, बरा असा मां?"

"बरा असा. तुमी?"

"माका काय होतला? काल पयली रापण ओढली. बरा गावला. गेल्या वर्सापेक्षा बरा." त्यांच्या आवाजात हंगाम सुरू झाल्याचा तजेला होता. "सगळी वाडी दोरीक लागली. शेवंताकाकी पण इली. ताकद काय उरली नाय तिच्यात, नुसतो हात लावून उभी रवली. तिकाय वाटो दिलो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते एकट्या-दुकट्याचं काम नाही. सगळ्यांनी दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढायच्या, आणि दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हातारी असो, विधवा असो, गावात आलेला पाहुणा असो. आमच्या वाडीत कोणी उपाशी झोपत नाही याचं कारण ती दोरी आहे. आणि ती दोरी त्या दिवशी दुपारी मी बंद करणार होते.

"तू आज काय बोलतलंस ता माका सांगू नको," आबा म्हणाले. "तुझी शपथ असा. तू फक्त धीटपणान सांग. आमी काल बोयाक मोठो नैवेद्य केलो, तुझ्यासाटी."

"आबा," मी म्हटलं.

"काय गो?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. "काळजी घ्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. रडणं चकतीत आलं असेल. समुद्राचं रडणं म्हणून ते कोणी अर्जाला जोडलं की नाही, माहीत नाही.

सभागृहात अध्यक्षांनी एकेका देशाचं नाव घेतलं. शेवटी ते म्हणाले, "समुद्र." मी उभी राहिले.

मी ठरवून गेले नव्हते. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस आदल्या दिवसापासून ठरवून असतो. मी उभी राहीपर्यंत दोन वाक्यं माझ्या तोंडात शेजारी शेजारी होती. एक समोर लिहिलेलं आणि एक माझं. माझं छोटं होतं. ते बोलले असते तर संध्याकाळपर्यंत पाच वाड्या सुटल्या असत्या, शेवंताकाकीला वाटा मिळत राहिला असता आणि आबांना मान वर करून चालता आलं असतं. समोर खाणवाल्यांचे वकील बसले होते, शांत, पाण्याचे ग्लास पुढ्यात घेऊन. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मी चुकावं याची ते कितीतरी वर्षं वाट बघत होते. त्यांच्या हातात माझ्या आबांचा भात द्यायचा, हे माझ्याने होईना.

"होय," मी मराठीत म्हणाले आणि पुढे पट्ट्यांची नावं वाचली. आमच्या वाडीचं नाव रेडिओवर भरतीची वेळ सांगायचे त्याच आवाजात घेतलं. आवाज हलला नाही. टाळ्या झाल्या. कोणीतरी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बुशरा आपल्या जागी खाली मान घालून बसली होती.

ऑक्टोबरात मला रजा मिळाली. चकतीसकट.

गावात मला कोणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाटेत भेटलेली माणसं 'कधी इलंस' विचारून बाजूला होत होती. रापणीचं जाळं गुंडाळून देवळामागच्या पडवीत ठेवलं होतं. माझा भाऊ गोव्याला बोटीवर कामाला गेला होता, करुणावयनी एका रिसॉर्टवर चादरी बदलायला जात होती. सरकारची मदत येणार होती, आली नव्हती. शेवंताकाकी कोणाकडे जेवते, ते मी विचारलं नाही.

वयनीने मला चहा दिला आणि माझ्यासमोर बसली. नेहमीची थट्टा नव्हती.

"दुसऱ्या कोणी सांगलेला परवडला असता गो," ती म्हणाली. "तुझ्या तोंडान आयकला, ता जिव्हारी लागला."

मी चहा प्यायले. सांगण्यासारखं माझ्याकडे फक्त एकच होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. लिहून दिलं असतं तर तो कागद वाडीवाडीत फिरून खाणवाल्यांच्या हाती लागला असता.

आबा मात्र माझ्यावर रागावले नव्हते. त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. समुद्राने कौल दिला, तो आपल्या विरुद्ध गेला, म्हणजे आपलं कुठेतरी चुकलं, असा त्यांचा साधा हिशेब. संध्याकाळी किनाऱ्यावर गेले तर पाचही वाड्यांची माणसं जमलेली दिसली. होडी पाण्याला लावली होती. तिच्यात भाताचं मोठं टोप होतं, सोललेल्या नारळांची रास होती, दुधाची कासंडी, केळीचा अख्खा लोंगर. आबा धुतलेलं धोतर नेसून डोक्यावर ताट घेऊन उभे होते.

"कमी पडला आमचा," ते मला म्हणाले. "येक येक घर करी होता, तसा चलाचा नाय. आता पाचय वाडी मिळान, रोज. तीन वर्सांनी पुन्ना इचारतले मां? तोपर्यंत त्येका खूश करूक व्हया."

तीन वर्षं. रोज टोपभर. पुढच्या तपासणीला त्या खडकांच्या आत प्राणवायूचा थेंब उरला नसता, आणि पट्टा कायमचा बंद झाला असता.

मी पुढे होऊन ताटाला हात लावला. "आबा, नको."

"कित्या?"

मी ताट सोडलं नाही. चकती गळ्यावर होती. बोया, भात, कुजणं, यातला एक शब्द उच्चारला की सभेतला ठराव आणि खुर्ची दोन्ही कोसळणार होती.

"बाजूक हो बाय. भरती लागता."

"आबा, माझा आयका. घालू नकात."

"कित्या, ता सांग."

"सांगूक येना नाय."

ते चिडले नव्हते. म्हाताऱ्या माणसाला हळूहळू काहीतरी सुचावं तसे त्यांचे डोळे बारीक झाले.

"ह्या तू सांगतंस," आबांनी विचारलं, "की तो सांगता?"

वाचा यावर काहीच बोललेली नव्हती. मी सांगते म्हटलं असतं तर ते माझं, पोरीचं, बोलणं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता आणि होडीत पाय ठेवला असता. दुसरं उत्तर दिलं तर शपथ मोडत होती. त्या वाक्यात बोया नव्हता, प्राणवायू नव्हता, वकिलांच्या हाताला लागेल असं काही नव्हतं. सापडले असते तर मी एकटी सापडले असते.

"तो सांगता," मी म्हटलं. "त्येका नैवेद्य नको."

आबांनी डोक्यावरचं ताट हळूच खाली घेतलं आणि वाळूवर ठेवलं. होडीतल्यांनी टोप उतरवलं. मला एकदम हलकं वाटलं. वाचलो, असंच मनात आलं.

आबा वाळूवर गुडघे टेकून बसले. त्यांच्या मागे पाचही वाड्यांची माणसं बसली, बायका, म्हातारी, शेवंताकाकी, करुणावयनीसुद्धा. माझ्या बापाने माझ्यासमोर हात जोडले.

"आणि काय म्हणता तो?" त्यांनी विचारलं.